लेंकुरवाळ्या मोटारीची निगा

उन्हाळ्याची सुटी संपत आली, कीं कोंकणांतून देशावर परतणाऱ्या मोटारींची रीघ लागते. ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा अशा एखाद्या घाटानें वर आलेली मोटार संध्याकाळीं घराच्या दारांत उभी राहते. सामान उतरतें, पेंगुळलेलीं मुलें उचलून घरांत नेलीं जातात, आणि मग मागचें दार उघडून आंत डोकावणाऱ्या गृहस्थाचा चेहरा उतरतो. बैठकीवर आंब्याच्या रसाचे ओघळ, फटींत चिवड्यांतले पोहे आणि बिस्किटांचा चुरा, चटईवर तांबडी माती व समुद्रावरची वाळू, दाराच्या खणांत अर्धी उरलेली दुधाची बाटली, आणि या सर्वांवर कडी म्हणजे घाटाच्या वळणावर झालेल्या ओकारीचा आंबूस वास!

अशा वेळीं माणसें बहुधा दोन टोंकांना जातात. कित्येक जण मुलें मोठीं होईपर्यंत मोटारीच्या स्वच्छतेचा नाद सोडून देतात. कित्येक जण मुलांच्या हालण्याबोलण्यावर असा पहारा बसवितात, कीं प्रवासाची सारी गोडीच नाहींशी व्हावी. या दोन्ही मार्गांत एकच चूक आहे. मोटारीच्या आंतील स्वच्छता हा शोभेचा प्रश्न आहे, असें दोघेहि धरून चालतात. वस्तुतः तो मुलाच्या आरोग्याचा, आणि त्याहूनहि अधिक त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. रांगत्या वयाचें मूल बैठकीच्या फटींत सांपडलेला आठ दिवसांचा तुकडा निःशंकपणें तोंडांत घालतें. घरंगळत आलेली बाटली चालकाच्या पायाशीं जाऊन ब्रेकच्या खालीं अडकूं शकते. पट्ट्याच्या बकलांत खाऊचा चुरा सांचला, तर पट्टा लागल्यासारखा दिसतो, पण लागलेला नसतो. ही गोष्ट एकदां ध्यानांत आली, म्हणजे काय पुसावें, कशानें पुसावें आणि कशाला हात लावूं नये, हें आपोआप उमजूं लागतें.

प्रथम मोटारीची अंतर्रचना लक्षांत घेतली पाहिजे. अँबॅसॅडर किंवा पद्मिनी या गाड्या ज्यांनीं वापरल्या, त्यांना रेक्झिनच्या बैठका व रबराच्या चटया आठवत असतील. ओलें फडकें फिरविलें, कीं काम झालें. आजच्या बहुतेक मोटारींत बैठकीवर कापड असतें आणि कापडाखालीं फोमचा जाड थर असतो. फोम म्हणजे असंख्य सूक्ष्म पोकळ्यांचें जाळें. त्यांत पाणी शिरतें तें क्षणांत, पण बाहेर पडावयास त्याला कित्येक दिवस लागतात. शिवाय बैठकीखालून आणि गालिच्याखालून विजेच्या तारा गेलेल्या असतात. पट्टा लावला आहे कीं नाहीं हें कळविणारीं आणि अपघाताच्या वेळीं एअरबॅग फुगविणारीं यंत्रें त्यांच्याशीं जोडलेलीं असतात. म्हणून घराची फरशी धुतात त्याप्रमाणें बादलीभर पाणी ओतून मोटार आंतून धुणें सर्वथा चुकीचें होय. मोटारीची स्वच्छता कमींत कमी पाण्यानें आणि अधिकांत अधिक तत्परतेनें करावयाची असते.

लहान मुलांमुळें होणारी घाण चार प्रकारची असते. कोरडी, नासणारी, रंग चढविणारी आणि चिकट. प्रत्येकीचा स्वभाव निराळा, म्हणून उपायहि निराळा.

कोरडी घाण म्हणजे धूळ, माती, वाळू आणि खाऊचा चुरा. ही झटकून किंवा फुंकून जात नाहीं. ती केवळ जागा बदलते. या साध्या निरीक्षणांतूनच एका मोठ्या उपयुक्त यंत्राचा जन्म झाला. १९०१ सालीं लंडनमध्यें ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्यानें धूळ काढण्याच्या एका यंत्राचें प्रात्यक्षिक पाहिलें. तें यंत्र हवेच्या झोतानें धूळ उडवीत असे, आणि उडालेली बरीच धूळ पुन्हां खालींच येऊन बसे. फुंकण्याऐवजीं हवा ओढून घेतली तर, असा विचार बूथच्या मनांत आला. एका उपाहारगृहांतील गुबगुबीत खुर्चीवर रुमाल पसरून त्यानें तोंडानें जोरानें हवा ओढली. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचा काळा ठसा उमटला आणि कल्पना सिद्ध झाली. त्याच वर्षीं त्यानें धूळ शोषणाऱ्या यंत्राचे हक्क मिळविले. आज ज्याला व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात, त्याचें तत्त्व तेंच.

घरीं असें लहान यंत्र असल्यास उत्तम. नसल्यास रंगाऱ्याचा मऊ कोरडा कुंचला आणि सुपली यांवरहि काम भागतें. क्रम मात्र चुकवूं नये. वरून खालीं यावें आणि कोरडें काम संपल्यावरच ओलें फडकें हातीं घ्यावें. आधीं ओलें फडकें फिरविलें, तर चुऱ्याचा लगदा होऊन तो कापडांत बसतो. कोंकणांतील तांबड्या मातीचें तर हें विशेष आहे. तिचा रंग लोहाच्या प्राणिदांमुळें आलेला असतो आणि कण अत्यंत बारीक असतात. चिखल ओला असतांना चोळला, कीं तो रंग धाग्याधाग्यांत शिरतो. तो पूर्ण वाळूं द्यावा, मग कुंचल्यानें सुटा करावा आणि शेवटीं उरलेला पुसट डाग पुसावा. वाळूचे कण कठीण असतात. त्यांवरून फडकें रगडलें, तर प्लॅस्टिकवर व कांचेवर ओरखडे उठतात. चटया बाहेर काढून झटकाव्या, आणि पुढच्या बैठका शक्य तितक्या सरकवून त्यांच्या खालचा भाग पाहावा. चुरा राहिला, तर मुंग्या व झुरळें येतातच, पण खाऊच्या वासानें उंदीरहि मोटारींत शिरतात. आणि उंदीर शिरला म्हणजे तारा कुरतडल्यावांचून राहत नाहीं.

दुसरी घाण नासणारी. दूध, ओकारी आणि लघवी हीं तिचीं मुख्य रूपें. दूध सांडलेलें प्रथम मुळींच भयंकर दिसत नाहीं, आणि तेथेंच फसगत होते. त्यांतील साखरेवर जंतु वाढतात व आम्ल तयार करतात. स्निग्धांश खवट होतो. आणि दोन दिवसांनीं बंद मोटारीचें दार उघडावें, तों वासानें मागें सरावें लागतें. येथें पहिला नियम त्वरेचा. सांडल्याबरोबर कोरड्या पंचानें किंवा टिपकागदानें दाबून तें टिपावें. चोळूं नये, चोळल्यानें दूध खालच्या फोममध्यें उतरतें. दुसरा नियम थंड पाण्याचा. गरम पाण्यानें घाण लवकर निघते, हा समज येथें लागू पडत नाहीं. उष्णतेनें प्रथिनें धाग्यांना घट्ट चिकटतात. थंड पाण्यांत भिजवून पिळलेल्या फडक्यानें डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत यावें, मग पाण्यांत चार थेंब सौम्य साबण मिसळून तेंच करावें, आणि अखेर साबण निघून जाण्यासाठीं पुन्हां साध्या ओल्या फडक्यानें पुसावें. जागा कोरडी झाल्यावर तिच्यावर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवावा व सकाळीं झाडून काढावा. आम्लयुक्त वास तो बऱ्याच अंशीं शोषून घेतो.

एवढ्यानेंहि वास राहिला, तर एन्झाइमयुक्त द्रवाचा उपयोग होतो. मनुष्याच्या पोटांत अन्न पचविणारे जे पदार्थ असतात, त्याच जातीचे हे पदार्थ प्रथिनें व स्निग्धांश यांचें विघटन करतात. पचनास जसा वेळ लागतो, तसा त्यांनाहि लागतो. म्हणून तो द्रव लावून लगेच पुसून टाकणें व्यर्थ होय. कोणताहि नवा द्रव प्रथम बैठकीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावा.

घाटांतील ओकारीचें कारण थोडें समजून घेण्यासारखें आहे. शरीराचा तोल सांभाळणारी इंद्रियें कानाच्या आंतल्या भागांत असतात. मोटार वळणें घेते, तेव्हां तीं मेंदूला हालचालीची वर्दी देतात; पण मूल पुस्तकांत किंवा मोबाइलच्या पडद्यावर दृष्टि खिळवून बसलें असेल, तर डोळे सर्व कांहीं स्थिर असल्याचें सांगतात. या परस्परविरोधी वार्तांतून मळमळ उत्पन्न होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष होतो. म्हणून घाटापूर्वीं हलकें खाणें द्यावें, पडदा काढून घ्यावा, मुलाला दूरचे डोंगर दाखवावे, कांच थोडी खालीं करावी आणि रुंद, सुरक्षित जागा पाहून मधून मधून थांबावें. ओकारी झालीच, तर घन भाग आधीं कागदानें उचलून घ्यावा आणि पुढें दुधाप्रमाणेंच करावें. त्या प्रसंगीं मुलावर मात्र रागावूं नये. एकदां बोलणीं खाल्लेलें मूल पुढच्या वेळीं मळमळत असतां भीतीनें गप्प बसतें, आणि वेळेवर पिशवी पुढें करण्याची संधि जाते. "पोटांत कसें तरी होतें" हें मुलानें निःसंकोच सांगावें, यासारखा बैठकीचा दुसरा रक्षक नाहीं.

लघवीचा डाग ताजा असतांना केवळ थंड पाण्यानें टिपला तरी पुष्कळ काम होतें. जुना झाला, कीं त्यांतून अमोनियाचा उग्र वास सुटतो. अशा वेळीं ब्लीचिंगच्या द्रवाकडे हात जातो, पण मोटारींत त्याला थारा देऊं नये. तो कापडाचा रंग उडवितो, आणि अमोनियाशीं किंवा आम्लाशीं त्याचा संयोग झाल्यास विषारी वायु निर्माण होतात. बंद जागेंत ही गोष्ट घातक ठरूं शकते.

रंग चढविणाऱ्या घाणींत महाराष्ट्रांतील घरांना सर्वांत परिचित डाग हळदीचा. प्रवासाच्या डब्यांत पोळीबरोबर बटाट्याची भाजी असावयाचीच, आणि तिची एखादी फोड बैठकीवर पडावयाचीच. त्यावर साबण लावतांच पिवळा डाग लालभडक होतो आणि गृहिणी घाबरून अधिकच घासूं लागते. यांत भिण्याचें कारण नाहीं. हळदींतील रंगद्रव्य क्षारांत तांबूस होतें, हा त्याचा धर्मच आहे. साबण पाण्यानें टिपून काढला, कीं तो पुन्हां पिवळा होतो. तेंच रंगद्रव्य सूर्यप्रकाशांत टिकत नाहीं. म्हणून तेल निघून जाण्यापुरता साबण लावून मग ती जागा चार-दोन दिवस उन्हाकडे येईल अशी मोटार उभी करावी. डाग हळूहळू फिका पडतो. आंब्याचा रस ताजेपणीं थंड पाणी व सौम्य साबण यांनीं निघतो. बॉलपेनच्या शाईला स्पिरिटांत बुडविलेला कापूस उपयोगी पडतो. मात्र तो फिरवूं नये, नुसता दाबावा आणि दर वेळीं नवा घ्यावा.

चिकट पदार्थांवर थंडीसारखा उपाय नाहीं. चॉकलेट, च्युइंगगम किंवा उन्हांत वितळलेला रंगीत खडू यांवर प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधलेला बर्फ कांहीं मिनिटें धरावा. पदार्थ कडक व ठिसूळ झाला, कीं बोथट चमच्याच्या कडेनें तो उचलून येतो.

आतां या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. लहान मुलासाठीं जें वेगळें आसन, म्हणजे चाइल्ड सीट, बसवितात, त्याची स्वच्छता इतर बैठकांप्रमाणें करतां येत नाहीं. त्या आसनाचे पट्टे विशिष्ट रीतीनें विणलेले असतात. धडक झाली असतां मुलाच्या देहाचा सारा भार त्यांना झेलावयाचा असतो. ब्लीच, तीव्र रासायनिक द्रव, कपडे धुण्याचें यंत्र किंवा इस्त्री यांनीं त्यांचे धागे दुबळे होऊं शकतात, आणि हा दुबळेपणा डोळ्यांना दिसत नाहीं. पट्टा स्वच्छ, पांढराशुभ्र दिसतो, आणि नेमक्या क्षणीं दगा देतो. म्हणून पट्टे केवळ ओल्या फडक्यानें व सौम्य साबणानें पुसावे आणि आपोआप वाळूं द्यावे. थोडा डाग राहिला, तर राहूं द्यावा. आसनावरील कापडी आवरण मात्र, त्याच्या माहितीपुस्तिकेंत तशी परवानगी असल्यास, काढून धुवावें. काढण्यापूर्वीं पट्टे कसे ओंवले आहेत याचें छायाचित्र घेऊन ठेवलें, म्हणजे परत बसवितांना चूक होत नाहीं.

बकलाची परीक्षा दर आठवड्यास करावी. तें लावतांना 'टक्' असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. फळांचा रस किंवा चुरा आंत गेला असेल, तर आवाज मंद होतो. पुस्तिकेंत सांगितलेल्या रीतीनें तें साध्या पाण्यांत विसळून पूर्ण वाळवावें. तेल मात्र घालूं नये, कारण तेलावर धूळ बसून दोष वाढतो. बैठक मळूं नये म्हणून आसनाखालीं जाड रजई किंवा मुलाखालीं उशी घालण्याची चाल आढळते. तीहि घातक आहे. धडकेच्या वेळीं ती जाडी दबते आणि घट्ट वाटणारा पट्टा एकाएकीं सैल पडतो. तसेंच, ज्या बैठकींच्या कडेंतून एअरबॅग उघडते, तिच्यावर बाजारांतील वाटेल तें आवरण चढवूं नये. चालकाच्या पायाखालीं जुन्या चटईवर नवी चटई घालण्याचाहि मोह टाळावा. सरकलेली चटई वेग वाढविणाऱ्या दट्ट्याला अडकते.

चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्यानें किंवा योग्य आसनानें सुरक्षित न करतां मोटार चालविल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत झाली आहे. परंतु दंडाचा धाक हा या गोष्टीचा खरा आधार नव्हे. आसन मळेल किंवा धुवावें लागेल म्हणून मूल मांडीवर घेऊन बसणें, म्हणजे बैठक वांचविण्यासाठीं मुलाला धोक्यांत घालणें होय.

घाण काढण्यापेक्षां ती होऊं न देणें सोपें, आणि येथेंहि आरोग्य व स्वच्छता यांचा मार्ग एकच आहे. धांवत्या मोटारींत लहान मुलांना खाऊं देऊं नये. शेंगदाणे, फुटाणे, अखंड द्राक्षें असे पदार्थ हिसक्यासरशीं घशांत अडकूं शकतात, आणि चालकाला त्या वेळीं मागें वळतां येत नाहीं. दोन तासांनीं मोटार थांबवावी, झाडाखालीं बसून खाणें करावें, हात-तोंड धुवावें व मग निघावें. चालत्या मोटारींत फक्त पाणी. कचऱ्यासाठीं एक पिशवी टांगावी आणि प्रत्येक थांब्यावर योग्य जागीं ती रिकामी करावी. तीन-चार वर्षांचें मूलहि आपला कागद त्या पिशवींत टाकण्यांत अभिमान मानतें. खेळणीं दोन-तीनच, मऊ, आणि कापडी पिशवींत ठेवलेलीं असावीं. याशिवाय दोन पंचे, पाण्याची बाटली, रिकाम्या पिशव्या आणि मुलाचे कपड्यांचे एक-दोन जोड एवढी शिदोरी मोटारींत कायमची असावी.

पावसाळ्यांत शत्रु बदलतो. ओल्या छत्र्या, रेनकोट आणि चिखलाचे बूट यांमुळें गालिचा भिजतो, आणि ओल एक-दोन दिवस टिकली, तरी बुरशी धरूं लागते. तिच्या कणांनीं दमेकरी मुलांचा त्रास वाढतो. म्हणून ओलें सामान डिकींत प्लॅस्टिकच्या टबांत ठेवावें, चटयांखालीं जुनीं वर्तमानपत्रें पसरून तीं रोज बदलावीं, आणि घरीं पोंचण्यापूर्वीं कांहीं वेळ वातानुकूलन यंत्र चालू ठेवावें; थंडाव्याबरोबर तें हवेंतील दमटपणाहि काढून घेतें. सुगंधी कुप्या टांगून वास जात नाहीं, झांकला जातो. उलट उग्र सुगंधानें कित्येक मुलांना मळमळच होते. वास आला, तर त्याचें मूळ शोधावें.

शेवटची सूचना अत्यंत गांभीर्यानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मोटार धुऊन, पुसून उन्हांत वाळत ठेवतात, तेव्हां ती मुलांना खेळघरासारखी वाटते. उन्हांतील बंद मोटारींत पहिल्या दहा मिनिटांतच सुमारें दहा अंशांनीं उष्णता वाढते. कांचा थोड्या उघड्या ठेवल्यानें त्यांत फारसा फरक पडत नाहीं. मुलाचा देह मोठ्या माणसापेक्षां फार लवकर तापतो. मोटारींत अडकून मुलें दगावल्याच्या घटना आपल्या देशांतहि घडल्या आहेत. म्हणून साफसफाई चालू असतां कोणी तरी मोठें माणूस जवळ असलेंच पाहिजे. काम संपतांच बैठका व डिकी डोळ्यांनीं पाहून मगच कुलूप लावावें, आणि किल्ल्या मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशा ठेवाव्या.

आठवड्यांतून अर्धा तास, आणि कांहीं सांडल्यास त्याच क्षणीं पांच मिनिटें, एवढा वेळ दिला तर मोटार निरोगी राहते. ती नव्यासारखी दिसेलच असें नाहीं. मुलें असलेल्या घरांत भिंतींवर जशा रेघा असतात, तसे दोन-चार पुसट डाग तिच्यांतहि राहतील. पट्टे मजबूत असावे, बकल नीट लागावें, पायाखालीं कांहीं घरंगळत नसावें, कोठें ओल व कुबट वास नसावा. इतकें साधलें, तर त्या डागांची खंत करण्याचें कारण नाहीं.